माउंटन बाइकचे सस्पेन्शन आणि फ्रेम: वेळापत्रकाने उघडावे की बिघडल्यावर?

सायकल नीट चालत असताना तिचे सस्पेन्शन उघडावे की नाही, हा प्रश्न साताऱ्यात माउंटन बाइक चालवणाऱ्या बहुतेकांना पहिला पावसाळा सरल्यावर पडतो आणि त्याची उत्तरे दोन टोकांची मिळतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, कंपनीने तासांचे वेळापत्रक दिले आहे ते पाळावे. सील, तेल आणि बेअरिंग वेळच्या वेळी बदलली की एरवी सायकलकडे पाहावे लागत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, चालत्या वस्तूला पाना लावू नये. जे बिघडेल तेवढेच दुरुस्त करावे, तोवर पैसे खिशात राहतात. माझ्याकडे दोन सायकली आहेत आणि योगायोगाने त्या या दोन पक्षांत वाटल्या गेल्या आहेत. स्प्रिंगचा फोर्क (पुढचे चाक धरणारा आणि हादरे झेलणारा दोन पायांचा भाग) असलेली जुनी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, मी बिघडल्याशिवाय उघडत नाही. हवेचा फोर्क आणि मागे शॉक (मागचे हादरे झेलणारा भाग) असलेली फुल सस्पेन्शन सायकल आता वेळापत्रकाने उघडतो. माझा कल कोणीकडे आहे हे पुढे दिसेलच, पण हार्डटेलबाबत मी मत बदललेले नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

वेळापत्रक म्हणजे नेमके काय, ते एकदा पाहू. रॉकशॉक्स ही सस्पेन्शन बनवणारी कंपनी आपल्या फोर्कचे खालचे पाय (ज्यांच्यात स्टँशन, म्हणजे वरच्या गुळगुळीत नळ्या, सरकतात) चालवण्याच्या दर ५० तासांनी उघडून साफ करायला सांगते, आणि डॅम्परचे (उसळी आवरणाऱ्या भागाचे) काम बऱ्याच नव्या मॉडेलसाठी २०० तासांवर ठेवते. फॉक्स या दुसऱ्या कंपनीचा नियम १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. हे तास कागदावर भरपूर वाटतात. प्रत्यक्षात यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन परत यायला रमतगमत साडेतीन-चार तास जातात, आणि आठवड्यातून अशा दोन फेऱ्या मारणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांच्या आत भरतात. म्हणजे वर्षातून सात-आठ वेळा फोर्क उघडा, असा या नियमाचा अर्थ होतो. हा हिशेब मांडल्यावर बरेच जण पुस्तिका मिटवून ठेवतात, आणि त्यांना फार दोष देता येईल असे मला वाटत नाही. कासच्या डांबरी रस्त्यावर फोर्क जेमतेम हलतो. तिथले ५० तास आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवरचे ५० तास यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

तरीही नियमामागचे कारण खरे आहे. फोर्कच्या खालच्या पायांत वंगणासाठी असलेले तेल फारच थोडे असते; मॉडेलप्रमाणे एका पायात पाच ते चाळीस मिलिलिटरच्या आसपास. तेवढ्या तेलावर आतले बुश (सरकत्या नळीला आधार देणाऱ्या कड्या) आणि सीलखालची फोमची रिंग ओली राहते. आपल्याकडच्या जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. ती स्टँशनवरच्या तेलाच्या पातळ थराला चिकटते, सीलच्या ओठाशी साचते आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर आत उतरते. ऑक्टोबरमध्ये फोर्क उघडला की जे बाहेर येते त्याला तेल म्हणणे कठीण जाते. राखाडी-तांबूस रंगाचे काहीतरी ताटलीत थेंबथेंब पडते, आणि तेही ओतले होते त्यापेक्षा बरेच कमी. ही धूळ फोमच्या रिंगमध्ये बसून राहिली तर स्टँशनवरचा ॲनोडायझिंगचा कठीण थर घासते. प्रथम मागच्या बाजूला एक निस्तेज पट्टा दिसतो, आणि नंतर नख फिरवले की ते अडकते. तिथवर गोष्ट गेली की नवे सील घालून उपयोग नसतो. स्टँशनसह वरचा सगळा भाग बदलावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवा फोर्कच पाहू लागतो.

पैशांची तुलना इथेच संपते असे वेळापत्रकवाले म्हणतील. मला ती इतकी एकतर्फी वाटत नाही. मध्यम किमतीच्या हवेच्या फोर्कचे सील, तेल आणि हवेच्या बाजूचे ओ-रिंग यांवर चार-पाच वर्षे नियमाप्रमाणे खर्च केला, आणि प्रत्येक वेळी काम बाहेरून करून घेतले, तर ती रक्कमही लहान राहत नाही. खालचे पाय घरी उघडले तरच हे गणित जमते. त्यासाठी ॲलन की, प्लास्टिकची हातोडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, योग्य तेल आणि एक मोकळी दुपार एवढेच लागते. डॅम्परचे काम मात्र मी घरी करत नाही. साताऱ्यात ते करून देणारे मला अजून कोणी भेटलेले नाही, त्यामुळे फोर्क पुण्याला पाठवावा लागतो. ‘बिघडल्यावर पाहू’ या पद्धतीची एक बाजू इथे लंगडी पडते: पावसाने बिघडलेले फोर्क सगळ्यांचे एकाच वेळी, म्हणजे पाऊस उघडून वाटा मोकळ्या झाल्यावर, दुरुस्तीला जातात आणि आपल्या मॉडेलचे सील यायचे असतील तर हवामान चांगले असतानाच सायकल पुढच्या चाकाविना भिंतीला टेकलेली राहते. मे महिन्यात पाठवलेला फोर्क तुलनेने लवकर परत येतो, असा माझा तरी अनुभव आहे.

पण एवढ्यावर मी पक्ष बदलला नसता. मला बदलले ते फ्रेमच्या कुरकुरीने.

एका पावसाळ्यानंतर यवतेश्वरच्या चढावर उजवे पायडल खाली गेले की ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. सपाट रस्त्यावर तो नसे, उतारावर नसे. नेमका चढावर, कमी वेगात, जिथे दुसरे काही ऐकू येत नाही तिथेच येई. साताऱ्यापासून कासपर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण आहे. तेवढ्या वेळात पायडलच्या दर फेऱ्याला एकदा येणारा बारीक आवाज माणसाचे लक्ष किती खातो, हे ज्याने ऐकला आहे त्यालाच कळेल. सायकल चालत होती. ब्रेक, गिअर, सस्पेन्शन कशातही दोष दिसत नव्हता. बिघडल्यावर दुरुस्त करायचे म्हटले, तर बिघडले काय होते?

ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो आणि भलत्याच ठिकाणी ऐकू येतो. पायडलवर जोर दिला की येणारा आवाज कानाला बॉटम ब्रॅकेटमधून (पायडलचा आस जिथे फिरतो तिथून) आल्यासारखाच वाटतो, मग तो सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) असो, हेडसेटचा (हँडल जिथे वळते त्या सांध्याचा) असो, चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चाकाच्या) बोल्टचा असो किंवा मागच्या एक्सलचा (चाकाच्या आसाचा). बाहेरच्या एका दुकानाने माझ्या सायकलचे बॉटम ब्रॅकेट बदलून दिले, त्याचे पैसे घेतले, आणि आवाज होता तसाच घरी परत आला. मग मी एकेक संशयित बाजूला काढायला बसलो. सीटवरून उठून उभ्याने चालवले तरी आवाज येत होता, म्हणजे सीट आणि सीटपोस्ट सुटले. दुसरी पायडल्स लावली, फरक नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, हेडसेट शांत. एक्सल काढून पुसला, ग्रीस लावून पुन्हा आवळला. गिअरच्या हँगरचा बोल्ट झाला, चेनरिंगचे बोल्ट झाले. प्रत्येक वेळी एकच वस्तू बदलायची, घाट चढायचा आणि कान देऊन ऐकायचे, या क्रमात तो हंगाम जवळजवळ सरला.

शेवटी मागच्या शॉकचे दोन्ही बोल्ट काढून मागचा त्रिकोण, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा भाग, मोकळा केला आणि मुख्य पिव्हटच्या (तो भाग ज्यावर हलतो त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये बोट घालून आतली कडी फिरवली. चांगले बेअरिंग बोटाखाली गुळगुळीत फिरते. हे दर थोड्या अंशांवर खाचेत अडकत होते आणि सीलची कड उचलल्यावर आत ग्रीसऐवजी गंजाची लापशी निघाली. पिव्हटचे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखे पूर्ण फिरत नाही. ते काही अंशांतच मागेपुढे हलते, त्यामुळे तेच छर्रे त्याच जागी दाबले जातात, ग्रीस तिथून बाजूला सरते आणि पाणी शिरले की गंजाचे खड्डे तिथेच पडतात. बेअरिंगचे माप बहुधा सीलवर छापलेले असते आणि काही मापे मोटारी-यंत्रांची बेअरिंग विकणाऱ्या साध्या दुकानातही मिळतात. मात्र पिव्हटसाठी छऱ्यांनी पूर्ण भरलेले, पिंजरा नसलेले बेअरिंग मिळाले तर तेच घ्यावे, कारण ते हळू आणि जड भार जास्त पेलते. नवे बेअरिंग बसले, बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळले, आवाज थांबला.

आता मी पिव्हट दर ऑक्टोबरमध्ये उघडतो, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही सायकलने कुरकुर केलेली आहे. नियमित देखभालीने आवाज कायमचा जातो, असा दावा मी करणार नाही. फरक पडतो तो शोधण्यात. काय केव्हा उघडले, कशाला ग्रीस लावले, कोणता बोल्ट किती न्यूटन मीटरवर आवळला, हे एका वहीत लिहिलेले असते. आवाज आला की नुकत्याच उघडलेल्या जागा यादीतून बाद होतात आणि पाहण्यासारख्या दोन-तीनच उरतात. बिघडल्यावर दुरुस्तीची पद्धत सस्पेन्शनला एक वेळ चालते, कारण फोर्क बिघडला की तेल गळते, हवा उतरते किंवा तो बसून राहतो आणि बिघडल्याचे स्वतःच सांगतो. फ्रेम तसे काही सांगत नाही. दोष एका सांध्यात असतो आणि तक्रार दुसऱ्याच सांध्याकडून येते.

फ्रेमबाबत आणखी एक गोष्ट वेळापत्रकाच्या बाजूने जाते. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, जिच्या खाली तो कितीही वेळा पडला तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्यामुळे लहान लहान हादरेही जमा होत राहतात. तडा गेलाच तर तो बहुधा वेल्डिंगच्या कडेला, हेडट्यूब आणि डाउनट्यूब (पुढची उभी आणि खालची तिरकी नळी) जुळतात तिथे किंवा मागच्या चेनस्टेवर (चेनलगतच्या नळीवर) सुरू होतो आणि चिखलाखाली तो दिसत नाही. सुटे भाग काढून फ्रेम फडक्याने पुसताना त्या कडांवरून आपोआप नजर फिरते. हे पुसणे मी हातानेच करतो. मोटारसायकली धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याखाली सायकल देणे सोयीचे असले, तरी ते पाणी पिव्हट आणि हेडसेटच्या सीलपलीकडे जाते, आणि मग वेळापत्रक कितीही कडक पाळले तरी त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

विरुद्ध बाजूचा एक आक्षेप मला मान्य आहे. उघडझाक जास्त झाली की तीच बिघाडाचे कारण होते. उत्साहाने सतत उघडल्या जाणाऱ्या सायकलींचे बोल्ट पाहिले तर ॲलन कीचे खोबण गोल झालेले असते आणि ॲल्युमिनियमचे आटे घसरलेले असतात. टॉर्क रेंच हाताशी नसेल तर पिव्हटच्या वाटेला न गेलेलेच बरे. म्हणून मी तासांचा हिशेब ठेवत नाही. फोर्कचे खालचे पाय वर्षातून दोनदा उघडतो, एकदा मेअखेरीस आणि एकदा पाऊस सरल्यावर. शॉकचा हवेचा डबा ऑक्टोबरमध्ये पिव्हटबरोबरच होतो. डॅम्पर वर्षाआड पुण्याला जातो. कंपनीच्या पुस्तिकेपुढे हे कमी ठरेल, पण आपल्याकडचा पाऊस आणि धूळ यांचे महिने ठरलेले असल्याने तासांपेक्षा पंचांग बरे, असे माझे मत झाले आहे. महिन्याकाठी तीस-चाळीस तास कच्च्या वाटांवर घालवणाऱ्याने मात्र माझे न ऐकता पुस्तिकेचे ऐकावे.

हार्डटेलचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या स्प्रिंगच्या फोर्कमध्ये तेलाऐवजी ग्रीस असते, उघडायला तळाचे दोन बोल्ट पुरतात, आणि तो पूर्ण झिजला तरी बदलायला लागणारी रक्कम हवेच्या फोर्कच्या काही सर्व्हिसिंगइतकी असते. अशा सायकलवर शहरातून अजिंक्यताऱ्यापर्यंत किंवा रविवारी सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याने सस्पेन्शनचे वेळापत्रक पाळावे, असा आग्रह मी धरणार नाही. फोर्क अडखळू लागला की उघडावा, तोवर स्टँशन पुसत राहावे. तिच्या फ्रेमला पिव्हट नाहीत, त्यामुळे कुरकुरीचे संशयितही मोजकेच. सीटपोस्ट आणि हेडसेट एवढे दोन सांधे पावसाळ्यानंतर एकदा काढून, पुसून, ग्रीस लावून बसवले की भागते. मागे शॉक असलेली सायकल घ्यायच्या विचारात जे आहेत, त्यांनी मात्र किमतीबरोबर पिव्हटची बेअरिंग किती आहेत आणि ती कोणत्या मापाची आहेत, हेही दुकानातच विचारून घ्यावे.