वाचनालयासाठी व्हॉट्सॲप ग्रुप की फेसबुक पेज?

साताऱ्याजवळच्या एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी परवा विचारले, की हाताशी माणूस एकच असताना व्हॉट्सॲप ग्रुप चालवावा की फेसबुक पेज. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो.

ग्रुपवर नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा फोटो टाकला, की तासाभरात ‘माझ्यासाठी ठेवा’ असे निरोप येऊ लागतात. पण सभासदांची मर्यादा १०२४ आहे, प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो (महिला वाचकांना हे खटकते आणि ते रास्तच आहे), शिवाय ‘सुप्रभात’च्या फुलांखाली सूचना बुडतात. फक्त ॲडमिनने लिहावे अशी सोय करता येते, मात्र मग मागणीही खासगी निरोपानेच घ्यावी लागते.

पेजवरचा मजकूर वर्षानेही सापडतो, परंतु तो सगळ्या फॉलोअर्सना दिसेलच असे नाही.

भिलारसारख्या, २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी वाचक बाहेरून येतो, तेथे पेज हवे. रोजच्या देवघेवीसाठी मात्र ग्रुपच बरा.