मध्य की बहुलक?

लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेण्यापूर्वी पुतण्याने विचारले, "काका, भावाचा अंदाज मध्यावरून, म्हणजे सरासरीवरून, बांधू की बहुलकावरून, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेल्या भावावरून?"

समजा, सारख्या वजनाच्या सात ढिगांना क्विंटलमागे ४२००, ४२००, ४२००, ४३००, ४४००, ४५०० आणि ५७०० रुपये मिळाले. मध्य ४५०० येतो. पण तो बियाण्याच्या एकाच ढिगाने वर ओढला आहे आणि पाच ढिगांना त्याहून कमीच मिळाले. बहुलक ४२०० बेरजेविना दिसतो, टोकाच्या भावाने हलत नाही, शिवाय कोणते वाण जास्त पेरतात अशा संख्या नसलेल्या माहितीलाही चालतो; मात्र कधी बहुलके दोन निघतात, तर कधी एकही नसते. मधला ढीग, म्हणजे मध्यक, ४३०० चा.

एकूण रकमेचा हिशेब मांडणाऱ्याने मध्य घ्यावा; साध्या मालाला बहुधा काय मिळेल, हे जाणू पाहणाऱ्या पुतण्याला मी बहुलकच सुचवीन.