कर्ली खाडीतली कांदळवनाची होडी : ४ स्टार, एक कापला तो लाईफ जॅकेटसाठी

तारकर्लीला आलं की सगळे स्कूबा आणि सुनामी आयलंड करून परत जातात, पण कर्ली खाडीत कांदळवन (मँग्रोव्हचं जंगल) दाखवायला लहान होडी जाते ती पण करा. होडीवाले काका आत शिरलं की इंजिन बंद करतात आणि वल्ह्याने नेतात, मग अर्धा वेळ आपण नुसते चिखलाकडे बघत बसतो, ऐकायला बोर वाटेल पण अजिबात नाहीये.

ओहोटी होती, तिवराच्या झाडांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली आणि मध्ये बिळंच बिळं. एक एवढीशी कुर्ली (खेकडा हो) पिवळं पान ओढत होती, पान तिच्याहून मोठं, बिळाच्या तोंडाशीच अडकलं, तिने सोडलं, मग देठाकडून धरलं आणि सुर्रकन आत. काका म्हणाले ही बिळं झाडाच्या पण कामाची, कारण खालच्या चिखलात हवा जवळपास नसतेच, बिळांतून पाणी आणि हवा खाली पोचते आणि आत नेलेलं पान तिथेच कुजतं, भरतीबरोबर वाहून जात नाही. पण लगेच गोड चित्र रंगवू नका हां, याच कुर्ल्या कांदळाची कोवळी रोपं पण खातात. म्हणजे भाडं वेळेवर देणारा पण खिडक्या काढून नेणारा भाडेकरू 😄

मला सगळ्यात भारी वाटली पांढरी चिपी. २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाला तो हाच. फूल रात्री उमलतं, आम्ही सकाळी गेलो तर पाण्यावर पांढऱ्या पुंकेसरांचा सडा. "ह्येका रात्री वाघळां येतत," काका. वटवाघळं मध प्यायला येतात आणि अंगाला लागलेले पराग पुढच्या झाडावर नेतात. बायको म्हणाली मग रात्रीची ट्रिप ठेवा ना, काका नुसते हसले.

मुळांना कालवं चिकटलेली आणि खाली कोळंबीची पिल्लं लपलेली असतात, आदल्या रात्री तिचीच ताटभर फ्राय चापलेली त्यामुळे जरा गप्प बसलो.

आता तक्रार. लाईफ जॅकेटना कुबट वास आणि लहान मुलांच्या मापाचं एकही नाही, हे चालणार नाही. सातला बोलावून साडेआठला सोडली ते एकवेळ ठीक. आणि फोन करताना ओहोटी कधी आहे ते आधी विचारा, भरतीत गेलात तर बिळं सगळी पाण्याखाली, पैसे तेवढेच.