बर्रला मुक्काम केला, आता जायचं कुठे? किल्ला, बॉग, मठ की डोंगर

आई-बाबा भारतातून आलेत, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे बघून झालेत, अजून दोन दिवस हाताशी आहेत. कुठे न्यायचं? डब्लिनमधल्या मराठी घरांत उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास निघतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: काउंटी ऑफलीमधलं बर्र. गाडीने साधारण दोन तास. पश्चिमेकडे धावणाऱ्यांच्या खिडकीतून हा सगळा मधला मुलूख नुसता मागे पडतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाव लहान, जॉर्जियन काळातल्या सरळ रस्त्यांचं आणि रंगीत दारांचं. पूर्वी त्याला पार्सन्सटाऊन म्हणत. खरा गोंधळ होतो तो तिथे पोचल्यावर. गावातच किल्ला, अर्ध्या तासाच्या आत लॉख बूराचा बॉग, म्हणजे दलदलीचा मुलूख, पाऊण तासावर क्लॉनमॅकनॉइजचा मठ आणि पाव तासावर स्लीव्ह ब्लूमचे डोंगर. एका दिवसात चारही उरकायचा मोह होतो. ते करू नका. जास्तीत जास्त दोन, आणि कोणते दोन हे बरोबर कोण आहे त्यावर ठरवा.

किल्ल्यापासून सुरुवात करते, कारण माझं माप तिकडेच झुकतं. बर्र कॅसल म्हटल्यावर रायगड-राजगड डोळ्यांपुढे आणू नका. हे राहतं घर आहे. 1620 पासून पार्सन्स घराणं इथे आहे, त्यामुळे आतली दालनं फक्त ठरावीक दिवसांत, मार्गदर्शकाबरोबर बघता येतात. तिकीट काढायचं ते बागेसाठी, विज्ञान केंद्रासाठी आणि मुख्य म्हणजे त्या दुर्बिणीसाठी.

हिरवळीवर दोन उंच दगडी भिंती आणि त्यांच्या मधोमध टांगलेली सुमारे 17 मीटर लांबीची काळी नळी. तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स यांनी ती 1845 मध्ये उभी केली. आरसा 72 इंच व्यासाचा, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, वजन तीन टनांच्या घरात. 1917 पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती. त्याच 1845 साली पार्सन्सांना यातून एका धूसर ठिपक्याची भोवऱ्यासारखी रचना दिसली. आज आपण तिला भोवरा दीर्घिका, म्हणजे एम 51 म्हणून ओळखतो. भिंतींमुळे नळी बाजूला फार वळत नसे, म्हणून तारा समोरून सरकेपर्यंतच काय तो वेळ मिळायचा. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ सुरू झाला आणि निरीक्षणं मागे पडली. मुलं बरोबर असतील तर एक आधीच सांगून ठेवा: यातून ग्रह-तारे बघायला मिळत नाहीत. ही बघायची वस्तू आहे, बघण्याचं साधन नव्हे.

पुढे नदीच्या बाजूला गवतात आय-लोफार ही रेडिओ दुर्बीण पसरली आहे, 2017 सालची. कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी टिपणारी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 थाळ्या पाहिलेल्या माणसाला इथे वेगळाच धक्का बसतो, कारण इथे थाळी नाहीच. जमिनीलगत मांडलेल्या चपट्या काळ्या चौकटी आणि तारा ताणलेले खांब. माझे बाबा निवृत्त अभियंता. त्यांनी तिथे अर्धा तास काढला आणि नंतर विज्ञान केंद्रातून तर हलेनात. दोष त्यांचा नाही. याच घरात वाढलेल्या चार्ल्स पार्सन्स यांनी 1884 मध्ये वाफेची टर्बाइन बनवली, आणि त्यांच्या आई मेरी रॉस फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रकार होत्या.

बाग मोठी, वाटा बऱ्याचशा सपाट. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना झेपेल अशी. दहा मीटरहून उंच बॉक्सवूडच्या झुडपांच्या कुंपणाच्या बोळातून चालताना ऊन पार नाहीसं होतं. लहान मुलांसाठी झाडावरच्या घरांचं खेळाचं मैदान आहे. पाऊस आला तर शिरायला छप्पर आहे, आणि आयर्लंडच्या मधल्या भागात या मुद्द्याला वजन आहे.

आता लॉख बूरा. किल्ल्याला जोड म्हणून मी याचंच नाव घेते, आणि त्याला कारण आहे. दुर्बिणीचा तो तीन टनी आरसा ओतला गेला तो टर्फच्या भट्ट्यांवर. टर्फ म्हणजे बॉगमधून काढून वाळवलेलं पीट, दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. विटेएवढा तुकडा हातात घेतला की इतका हलका लागतो, की हे जळून धातू वितळवतं यावर विश्वास बसत नाही. कडेने गवताचे, मुळांचे धागे निघालेले दिसतात. याचा धूर नाकात गेला की मला थेट गोवरीची चूल आठवते.

तर हे पीट बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने इथे कित्येक दशकं यंत्रांनी खरवडलं, वीजकेंद्रांत जाळलं. शॅननब्रिजचं वीजकेंद्र 2020 च्या अखेरीस बंद झालं आणि 2021 च्या सुरुवातीला कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. खरवडून उरलेल्या जमिनीवर आता तळी, बर्चची कोवळी राई, पक्षी आणि मोकळ्यावरची शिल्पं आहेत. एका शिल्पात पीट वाहणारी जुनी छोटी रेल्वेच कमानीवर चढवली आहे. 1977 मध्ये इथे पीटखाली मध्यपाषाण युगातल्या माणसांच्या चुली सापडल्या, सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या. प्रवेशाला तिकीट नाही. सायकली भाड्याने मिळतात, छोट्या फेरीपासून वीसेक किलोमीटरपर्यंत मार्ग आखलेले आहेत. उणी बाजूही सांगते: सगळं उघड्यावर आहे. वारा सुटला तर आडोसा नाही. आणि बॉगचं सौंदर्य हळूहळू उलगडतं. ज्यांना पहिल्या पाच मिनिटांत फोटोजोगं काही हवं असतं, त्यांचा इथे विरस होईल.

क्लॉनमॅकनॉइजची गोष्ट निराळी. त्याला जोड शोधू नका, अर्धा दिवस फक्त त्यालाच द्या. सहाव्या शतकाच्या मध्यावर संत किअरन यांनी शॅनन नदीच्या काठी हा मठ वसवला. आज आडबाजूला वाटतो, पण तेव्हा हा चवाठा होता: नदी उत्तर-दक्षिण, आणि एस्करच्या, म्हणजे हिमनदीने मागे ठेवलेल्या वाळू-खडीच्या लांब उंचवट्यावरून जाणारा मोठा रस्ता पूर्व-पश्चिम. व्हायकिंग आले, नॉर्मन आले, 1552 मध्ये अॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने शेवटचं लुटून नेलं. उरले ते छप्पर नसलेले चर्चचे सांगाडे, 1124 सालचा गोल बुरूज आणि उंच दगडी क्रूस.

क्रूसांबद्दल आधीच माहीत असलेलं बरं. बाहेर गवतात उभे आहेत त्या प्रतिकृती. मूळचे तिथल्याच इमारतीत आत ठेवलेत, पावसापासून वाचवायला. आधी आत जा. जवळजवळ चार मीटर उंचीच्या वालुकाश्मावर बायबलमधले प्रसंग चौकटीचौकटीने कोरलेत, वेरूळची सवय झालेल्या डोळ्यांना ते वाचायला मजा येते. शेजारच्या थडग्यांच्या शिळांवर 'ओर दो' अशी अक्षरं आणि पुढे एखादं नाव: अमक्यासाठी प्रार्थना कर. इतकंच. कॅथीड्रलच्या उत्तर दाराशी दोघांनी दोन बाजूंना, चौकटीच्या खोबणीला तोंड आणि कान लावून उभं राहायचं. एकीकडची कुजबुज दुसरीकडे स्पष्ट पोचते. आईने पलीकडून हळूच "ऐकू येतंय का गं?" विचारलं, आणि पंधराव्या शतकातल्या दगडातून तो आवाज माझ्या कानात आला. त्या एका क्षणासाठी मी तिथे पुन्हा जाईन.

अडचणी: सार्वजनिक वाहनाने पोचणं जवळपास अशक्य, जमीन उंचसखल, आणि शॅननवरचा वारा जूनमध्येसुद्धा स्वेटर मागतो. लहान मुलं तासाभरात कंटाळतात.

स्लीव्ह ब्लूमबद्दल थोडक्यात, कारण तिथे कोणी जावं हे उघड आहे: चालणाऱ्यांनी. सर्वोच्च शिखर आर्डेरिन 527 मीटर. सह्याद्रीतल्या माणसाला आकडा किरकोळ वाटेल, पण वर पायाखाली ओलं पीट आणि डोक्यावर धुकं असतं. घोट्यापर्यंत बूट हवेतच. किनिटी गावातून वाटा निघतात. तिथल्या चर्चच्या आवारात एका जमीनदार घराण्याचं थडगं चक्क पिरॅमिडच्या आकाराचं आहे.

पोर्टुम्नाचं वर्कहाऊस, म्हणजे दुष्काळानंतरच्या गरिबांना कुटुंबं तोडून जिथे ठेवत ती इमारत, मी मुद्दाम या यादीत घेतलेली नाही. ती सहलीच्या दिवसात कोंबायची जागा नव्हे.

तेव्हा माझा कौल असा. ज्येष्ठ आणि मुलं दोन्ही बरोबर असतील तर सकाळी किल्ला, दुपारनंतर लॉख बूरा. फक्त मोठी माणसं, इतिहासाची ओढ असलेली, तर क्लॉनमॅकनॉइज, तेही सकाळी लवकर, पर्यटकांच्या बसगाड्यांच्या आधी. पाऊस लागला असेल तर नुसता किल्ला. गाडी नसेल तरीही किल्लाच, कारण बर्रला रेल्वे नाही, बस मात्र गावात येते आणि किल्ल्याचं फाटक तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

डबा बरोबर घ्या. गावात सूप आणि ब्राऊन ब्रेड सगळीकडे मिळतं, पण भाज्यांच्या सुपातही चिकनचं पाणी असू शकतं, विचारूनच मागवा. आम्ही पोळी-भाजी नेली होती. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. लॉख बूराच्या तळ्याकाठी बाकावर बसून साडेआठला जेवलो, तेव्हा पाण्यावर अजून ऊन होतं.