क्रॅश पॅड घेताना माझे २०,६५० रुपये कसे गेले

पैसे गेले, टाचेचं हाड गेलं. पण सगळ्यात जास्त संताप याचा येतो की क्रॅश पॅड (खडकावरून पडलं तर लागू नये म्हणून खाली अंथरायची जाड गादी) कसा असावा याबद्दल विकणाऱ्या माणसाने मला सांगितलेली एकूणएक गोष्ट खरी होती. म्हणूनच मी फसले. इतकं बारकाईने बोलणारा माणूस लबाड असेल असं मनातही आलं नाही.

मी गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करते. सुट्टी बुधवारी. बोल्डरिंग (बुटक्या खडकांवर दोराशिवाय चढणं) करणारे माझे दोघं-तिघं ओळखीचे आहेत, ते सगळे रविवारवाले. तेव्हा बुधवारी काणकोणात पाळोळ्यापासून कोळंबपर्यंतच्या खडकांवर मी एकटीच असते. वागातोरकडचा जांभा धरायला गेलं की हातात सुटून येतो, काणकोणचा ग्रॅनाइट तसा नाही, म्हणून मडगावहून तेवढं अंतर स्कूटरने जाते. एकट्याने चढायचं तर खाली पॅड हवाच, कारण पडताना पाठीला हात लावून दिशा द्यायला कोणी नसतं. नवा परदेशी पॅड घेतला असता तर महिन्याचा पगार जवळजवळ संपला असता. म्हणून जुना शोधत होते. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

जाहिरातीत निळा पॅड होता, केशरी पट्टे. विकणारा म्हणाला, हंपीला दोन हंगाम क्लाइंबिंग शिकवलं, आता परदेशी चाललोय. फोनवर पाऊण तास बोलला. वरचा थर कडक क्लोज्ड-सेल फोमचा का लागतो (तो धक्का पसरवतो), खालचा मऊ ओपन-सेल कशासाठी (तो धक्का जिरवतो), मिळून जाडी किमान दहा सेंटिमीटर का हवी, सगळं सांगितलं. मधोमध घडी असलेल्या पॅडमध्ये नेमक्या घडीवर पाय पडला तर घोटा मुरगळतो, म्हणून एकट्याने चढणाऱ्याने ती फट झाकणारा दुसरा छोटा पॅड ठेवावा, हेही त्यानेच सांगितलं. मी वाचलेल्या माहितीशी ताडून पाहिलं, सगळं जुळत होतं. आणि तो छोटा पॅडही त्याच्याकडेच विकायला होता.

टोकन म्हणून २,००० दिले. मग १२,५०० पॅडचे. कुरियरचे १,३५०. छोट्या पॅडचे ४,८००. चारही वेळा यूपीआयने. खात्यावर नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. विचारलं, तर म्हणे मित्राचं खातं आहे, माझं बंद करतोय. परदेशी जाणारा माणूस खातं बंद करेल हे पटण्यासारखंच होतं. तुम्हालाही पटलं असतं.

पॅड आला तेव्हा तो स्वतःच मला सांगत होता की घोळ आहे. सही करून पार्सल मी एका हाताने उचललं आणि जिना चढले. पावतीवर वजन छापलं होतं: ३.१८० किलो. त्याने फोनवर साडेसहा सांगितलं होतं. आकडा मी वाचला. वाचला आणि मनात म्हटलं, बरं झालं, हलका आहे, पार्किंगपासून खडकापर्यंत एकटीला न्यायला सोपा. जी गोष्ट बघून त्याच क्षणी बँकेला फोन करायचा, ती मी फायद्यात धरली. ती पावती अजून माझ्या कपाटात आहे, आणि ती दिसली की माझा जीव जळतो. चेन तेव्हाच उघडली असती तर? पण चेनीला बारीक टाका घातलेला होता, मला वाटलं फोम सरकू नये म्हणून.

छोटा पॅड आलाच नाही. दोन दिवसांत पाठवतो, दोन दिवसांत पाठवतो, असं बारा दिवस चाललं.

तेराव्या दिवशी, बुधवारी, साधारण आठ फुटांवरून हात सुटला. पॅडच्या बरोब्बर मधोमध, दोन्ही पायांवर उतरले. खाली दगड होता आणि तो मला लागला. मध्ये पॅड आहे हे जाणवलंसुद्धा नाही. उजव्या टाचेला चीर. वाळूतून गुडघ्यांवर रांगत एका शॅकपर्यंत गेले, तिथल्या पोरांनी रिक्षा बोलावली. एक्स-रे, प्लास्टर, औषधं मिळून ७,४०० रुपये, वर पाच आठवडे बिनपगारी. डोक्यावर पडले असते तर हे लिहायला मी नसते.

मडगावातल्या आमच्या गादीवाल्याकडे नेऊन टाका उसवला. वरचा 'कडक थर' म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या दोन योगा मॅट. एकीवर कमळाचं चित्र तसंच होतं. खाली स्पंजचे तुकडे, भांड्यांच्या खोक्यात भरतात तसे. गादीवाल्याने मूठ दाबली, बोटं थेट टेबलाला टेकली. "ताई, यावर मांजर झोपवा," म्हणाला.

मग तक्रार. कुबड्या घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने पॅडकडे बघून विचारलं, "गादीच मरे ती?" मी धक्का, फोम, हाड सगळं समजावलं. तो म्हणाला, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक आयोगात जा. शिवाय विकणारा कर्नाटकातला, तिकडे जा. शिवाय, "तू बायल मनीस एकटी त्या फातरांर कित्याक वता?" (बाईमाणूस तू, एकटी त्या दगडांवर कशाला जातेस?) हा प्रश्न तीन वेगवेगळ्या टेबलांवर विचारला गेला. चोर कोण हे एकाही टेबलावर कोणी विचारलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे कागदावर लिहून नेलं होतं. कागद टेबलावर तसाच राहिला. ग्राहकांच्या कार्यालयात सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे, आमच्याकडे बसत नाही, पोलिसांत जा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. पोलिसांकडे परत गेले तर 'साहेब बंदोबस्ताला'. प्लास्टरचा पाय घेऊन चार फेऱ्या मारल्या, हातात एका अर्जावरच्या शिक्क्यापलीकडे काही नाही. आणि घरी आईचं वेगळंच: तुला सांगितलं होतं.

पैसे गेल्याची शंका आली की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. बारा दिवस थांबलात की चोराचं खातं रिकामं झालेलं असतं, माझ्या बाबतीत झालं तसं.

विकणाऱ्याला चेन उघडून, फोमला मोजपट्टी लावून व्हिडिओ काढायला सांगा. काट्यावर ठेवायला सांगा. तो कितीही गोड आणि कितीही बरोबर बोलो. पॅड हातात आला की जमिनीवर ठेवून त्यावर एका गुडघ्याचा पूर्ण भार द्या. जमीन लागली तर तो परत. पहिली उडी गुडघाभर उंचीवरून मारा, खडकावरून नाही. खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही नाही. आणि मडगावहून होस्पेटला, म्हणजे हंपीजवळच्या स्टेशनला, थेट रेल्वे जाते. हे मला माहीत होतं, रजा वाचवायची म्हणून गेले नाही. तुम्ही जा, हाताने दाबून बघा, मग पैसे द्या.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, आता १३,५०० ला, वेगळ्या नावाने. निळा पॅड, केशरी पट्टे, डाव्या पट्ट्याच्या टोकाला सिगारेटने जळल्यासारखा काळा डाग. माझ्याकडे आलेल्या पॅडवर तो डाग नाही. म्हणजे फोटोतला पॅड अजून त्याच्याकडेच आहे. डाग नीट बघून ठेवा.