हिप्पींचा म्हणून घेतलेला बोर्ड

"सत्तर सालच्या आसपासचा सर्फबोर्ड आहे हा. हणजूणला राहिलेल्या एका हिप्पीचा. पूर्ण हाताने केलेला, ऑस्ट्रेलियन." मांद्र्याहून हरमलला जाताना जुन्या सामानाचं एक दुकान लागतं, तिथला मालक बोलत होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माणूस दिलदार आहे, फक्त थापा मारतो. नऊ हजार म्हणाला, सौदा साडेसातवर तुटला. फिन, म्हणजे शेपटीखालचे पंख, दोनच होते, मधला गायब. "दोनावर पण मस्त चालतो," हेही वर ऐकवलं.

म्हापशात माझं चष्म्याचं दुकान आहे. वय सेहेचाळीस, सर्फिंग शिकून दोन हंगाम झालेत. अजून लाटेवर उभा राहिलो की आधी किनाऱ्यावर कोणी ओळखीचं गिऱ्हाईक नाही ना ते बघतो. त्यामुळे बोर्ड कसा चालतो यापेक्षा तो कोणी केला, याच गोष्टीत मी जास्त रमलो.

घरी आणून दहा मिनिटं उन्हात ठेवला. पाय घसरू नये म्हणून लावलेलं जुनं वॅक्स तुपासारखं पातळ झालं, ते जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं. मधोमध जी लाकडाची पट्टी असते, स्ट्रिंगर, तिच्यावर शेपटीपासून हातभर अंतरावर पेन्सिलीची अक्षरं निघाली. बोर्ड करणारा माप लिहितो ते फोमवर आणि लाकडावर. त्यावर फायबरचं कापड आणि रेझिन चढतं, त्यामुळे अक्षर काचेखाली ठेवल्यासारखं टिकून राहतं. टॉर्च आडवी धरून दुकानातलं भिंग लावलं: ७'२" × २१ × २ ५/८, पुढे ४१, आणि एक आद्याक्षर. ते 'आर' असेल किंवा 'के'. पूर्ण नाव नाही, लोगो नाही. इंच दिसले म्हणून लगेच अमेरिकन म्हणू नका, ऑस्ट्रेलियातही बोर्ड फूट-इंचांतच मोजतात.

एक्केचाळीस हा त्या माणसाचा एक्केचाळिसावा बोर्ड असावा, असं मी धरून चाललोय. धंदेवाईक शेपरचे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याचे, आकडे हजारांत जातात. हा घराच्या मागच्या पडवीत, बायकोच्या शिव्या खात काम करणारा असणार. बोर्डवर खाकी कागद पसरून स्ट्रिंगरपासून एका बाजूची कड काढली, कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला. डावी बाजू चार मिलिमीटर जास्त भरली. मशीनने कापलेला ब्लँक, म्हणजे आतला फोमचा ठोकळा, इतका चुकत नाही. म्हणजे 'हाताने केलेला' एवढं तरी दुकानदार खरं बोलला.

बाकीचं खोटं. बोर्डाच्या पोटाला फिनसाठी गोल प्लास्टिकच्या खोबणी आहेत, प्रत्येक फिनला दोन, बारीक स्क्रूने आवळायच्या. तीन फिनची ही मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० मध्ये बसवली आणि १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा जिंकून जगाच्या गळी उतरवली. अशा जोड-खोबणी तर नव्वदच्या दशकात रूढ झाल्या. सत्तर सालचा हिप्पी हा बोर्ड घेऊन आला असेल तर तो भविष्यातून आला होता.

नाकाजवळ तळहाताएवढं ठिगळ आहे, फिकट निळं. मूळ कापडाची वीण भिंगातून मच्छरदाणीसारखी सरळ दिसते. ठिगळात मात्र तंतू शेवया सांडल्यासारखे वाटेल तसे पडलेले. हे सर्फबोर्डचं कापड नव्हे, फायबरच्या होडीला लावतात ते मॅट. आणि तो निळा रंग शापोऱ्याच्या जेटीवर निम्म्या होड्यांना आहे.

रविवारी बोर्ड गाडीवर बांधला आणि नदीकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्ताकडे गेलो. त्याने ठिगळावरून अंगठा फिरवला. "हें काम म्हजेंच." वर मलाच समजावलं, की हा पिवळट फोम होडीचं रेझिन सोसतो, थर्माकोलचा बोर्ड असता तर विरघळून गेला असता. ते मी वाचलं होतं, गप्प ऐकून घेतलं.

आता बोर्डबद्दल. आश्वेला तीन सकाळी नेला. कमरेएवढ्या लाटा, खाली वाळू, माझ्यासारख्याला तेवढं पुरे. नाक रुंद आहे, त्यामुळे लाट लवकर पकडतो, उभं राहायला वेळ मिळतो. पण दोन फिनांवर वळवला की शेपटी शेणावर पाय पडल्यासारखी सटकते. मॅटमुळे नाक जड आहे, डोक्यावर धरून चालताना मानेला कळतं. मी बोर्डला पाचपैकी चार देईन, दुकानाला दोन, त्यातला एक थापेच्या दर्जासाठी. तिथून घ्यायचाच असेल तर ठिगळं अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं किंवा भोवती तपकिरी डाग असला तर आत पाणी शिरलंय, सोडून द्या. आणि पावसाळ्यात घेऊन हौस भागवायला जाऊ नका. लाल बावटा असतो, जीवरक्षक शिट्टी मारून मारून थकतात.

तर मेस्त. त्याला तो गोरा चांगला आठवत होता, कारण नोटबंदीचा महिना होता, नोव्हेंबर २०१६. खडकावर नाक फोडून आला होता. काम झाल्यावर पाचशेची जुनी नोट पुढे केली, मेस्ताने घेतली नाही. बँकेतून पैसे काढून उद्या येतो म्हणाला आणि मधला फिन काढून तारण ठेवून गेला. तो उद्या काही उगवला नाही. कुठल्या देशाचा होता, हे मेस्ताने विचारलं नव्हतं.

मेस्त शेडमध्ये गेला आणि पुट्टीच्या डब्यातून काळा फिन घेऊन आला. इतकी वर्षं तो त्याने पुट्टी ओढत होता, एक कड घासून तिरकी झालीय. मी खोबणीत लावून पाहिला, टिचकन बसला. स्क्रू आवळायची किल्ली मात्र दोघांकडे नव्हती.

"बाकी किती होती त्याची?" मी विचारलं.

"तीनशे."

मी पाचशेची नोट काढली. मेस्त तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सुटे ना?"