आरव्हीतला पहिला हिवाळा: साडेपाच महिने जागा शोधताना काय कामी आलं

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली आरव्ही गाडी, घेतली. पंचवीस फुटी, २०१७ सालची, ३० अँपिअरच्या जोडणीची. २६ ऑक्टोबर २०२४ ला मिशिगनमधल्या घराचं पाणी बंद करून निघालो आणि ९ एप्रिल २०२५ ला परत आलो. गाडी कोणती घ्यावी यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. मला लिहायचंय ते मुक्कामाच्या जागांबद्दल, कारण आमचा हिवाळा सुखाचा झाला तो जागांमुळे, आणि जिथे बिघडला तिथेही जागेमुळेच.

थंडीत दक्षिणेला उतरणाऱ्यांना इकडे स्नोबर्ड म्हणतात. मला मात्र फलटणकडचं लहानपण आठवत राहिलं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. पुढचा मुक्काम कुठल्या शेतात, पाणी किती लांब, शेतमालक कसा, हे त्यांच्यातलं कुणीतरी आधी पुढे जाऊन बघून यायचं. आम्ही निघालो तेव्हा आमच्यासाठी पुढे जाऊन बघून येणारं कुणी नव्हतं. होती ती फोनमधली पाच-सहा ॲप्स.

शोधायला सुरुवात केली ऑगस्टमध्ये, म्हणजे उशिराच. आधी मन फ्लोरिडाकडे होतं. तिथल्या सरकारी उद्यानांमध्ये राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी जागा धरता येते आणि बाहेरच्यांना १० महिने. हा नियम २०२४ पासून लागू झाला. ऑगस्टमध्ये जानेवारीच्या जागा बघायला गेले तर समुद्राजवळचं सगळं गेलेलं. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, थंडीपुरत्या येणाऱ्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात आणि तिथे महिन्याच्या भाड्याच्या जागाही पुष्कळ. पण माझ्या नवऱ्याचे सांधे दमट हवेत दुखतात. म्हणून ॲरिझोना.

इथेच आमची पहिली चूक झाली. नकाशात टूसॉनच्या खाली-वर बोट फिरवलं आणि वाटलं, वाळवंट म्हणजे सगळीकडे ऊबच. ॲरिझोनात थंडी किती हे दक्षिण-उत्तरेपेक्षा उंचीवर ठरतं. यूमा समुद्रसपाटीपासून दीडेकशे फुटांवर, क्वार्ट्झसाइट नऊशेच्या आसपास, टूसॉन साधारण चोवीसशे आणि फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजार. फ्लॅगस्टाफला व्यवस्थित बर्फ पडतं. टूसॉनच्या पूर्वेला, साडेतीन हजार फुटांवरच्या एका गावाजवळ आम्ही डिसेंबरचा पूर्ण महिना पैसे भरून धरला होता. पाच तारे, दीडशेवर अभिप्राय, फुलांचे फोटो. पहिल्याच आठवड्यात पहाटे पाण्याचा पाइप गोठला. रोज रात्री पाइप सोडवून आत घ्यायचा, टाकीतलं पाणी वापरायचं, सकाळी पुन्हा जोडायचा, असा क्रम सुरू झाला. मिशिगनची थंडी टाळायला दोन हजार मैल आल्यावर हे करावं लागणं मला फार लागलं.

त्यात रेल्वे. मालगाडीचा रूळ आमच्या आरव्ही पार्कच्या, म्हणजे अशा गाड्या भाड्याने लावायच्या आवाराच्या, मागच्या भिंतीला लागून होता आणि शंभर पावलांवर फाटक. फाटकाजवळ आली की गाडी भोंगा वाजवते, दिवस असो की रात्र. ॲपवरच्या फोटोंत रूळ कुठेच नव्हता. नंतर अभिप्राय नीट वाचले तर लक्षात आलं की बहुतेक मंडळी एक रात्र राहून पुढे गेलेली. एक रात्र कुणालाही चालते. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असं करारात लिहिलेलंच होतं. अठरा दिवस काढले आणि निघालो.

तेव्हापासून मी जागा बघायची पद्धतच बदलली. आधी उपग्रहाचा नकाशा उघडायचा आणि रूळ, महामार्ग, विमानतळ आणि सांडपाण्याचा प्रकल्प शोधायचा. मग उंची. अभिप्राय वाचायचे ते फक्त महिनाभर राहिलेल्यांचे आणि त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीतले. मे महिन्यातल्या पाच ताऱ्यांचा थंडीत राहणाऱ्याला काही उपयोग नाही.

यात कॅम्पेंडियम हे ॲप मला सगळ्यात कामाचं वाटलं, ते एका कारणासाठी: लोक तिथे कुठल्या कंपनीचा मोबाइल सिग्नल किती येतो तेही लिहितात. माझी थोरली बहीण फलटणला एकटी असते आणि आमचं रोज बोलणं होतं. मिशिगनला घड्याळं पुढे-मागे झाली की ताईचा गोंधळ व्हायचा. ॲरिझोना घड्याळं बदलत नाही आणि भारतही नाही, त्यामुळे फरक कायम साडेबारा तासांचा. माझे सकाळचे सात म्हणजे तिचे संध्याकाळचे साडेसात, दिवाबत्तीची वेळ. पाच महिने ती वेळ हलली नाही. सिग्नल नसलेली जागा कितीही सुंदर असली तरी मी दोन रात्रींपेक्षा जास्त घेतली नाही.

आता फोनबद्दल, कारण खरं काम फोननेच झालं. महिन्याच्या भाड्याच्या बऱ्याच जागा कुठल्याच ॲपवर रिकाम्या दिसत नाहीत. ऑफिसमधल्या बाई वहीत किंवा आपल्या कॉम्प्युटरवर यादी ठेवतात आणि कुणाचं येणं रद्द झालं की त्या यादीतल्याला फोन करतात. जानेवारीत अशी रद्द होणारी नावं असतातच, कारण येणारे सगळे आमच्याच वयाचे. कुणाचं ऑपरेशन निघतं, कुणाचं माणूस जातं. मी सकाळी दहाच्या सुमारास, ऑफिसात गर्दी नसताना फोन करायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. वीज भाड्यात धरली आहे की मीटरवर? महिन्याच्या भाड्यात ती बहुतेक ठिकाणी मीटरवरच असते आणि थंडीत हीटर लावला की बिल वाढतं. जागा नेमकी कितव्या नंबरची? दुपारचं ऊन दाराच्या बाजूला येतं की मागे? गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर घेता का? हा नियम बऱ्याच पार्कांत आहे, म्हणून आमच्याकडे थोडीच वर्षं उरली आहेत. टपाल आणि औषधांची पार्सलं ऑफिसात घेता का? शेवटचा प्रश्न ऐकून काही जणी एकदम मोकळेपणाने बोलायला लागायच्या आणि मग न विचारलेलंही सांगायच्या. एकीने स्वतःहून सांगितलं की बत्तीस नंबर घेऊ नका, शेजारी कचऱ्याचा डबा आहे.

तिच्याच पार्कात आम्ही जानेवारी आणि फेब्रुवारी काढले. अपाची जंक्शन नावाच्या गावाच्या बाजूला, सुपरस्टिशन डोंगर समोर दिसणारं, पंचावन्नच्या वरच्यांसाठीचं. अशा पार्कांना १९९५ च्या केंद्रीय कायद्याने सूट आहे: किमान ८० टक्के घरांत एकतरी माणूस ५५ वर्षांचं वा त्याहून मोठं असेल तर वयाची अट घालता येते. मला आधी ही कल्पनाच नकोशी वाटत होती, सगळे म्हातारे एका आवारात. राहिल्यावर मत बदललं. सुतारकामाची खोली, पिकलबॉल, शिवणकामाचा बुधवार. कुणाच्या गाडीचा पडदा सकाळी उघडला नाही तर नऊ वाजेपर्यंत कुणीतरी दार वाजवतं. आमच्यासारख्यांना, ज्यांची मुलं दोन हजार मैलांवर, याचं मोल फार आहे. भाडं महिन्याला ८२५ डॉलर आणि वीज वेगळी. जानेवारीची वीज ९४ डॉलर आली.

स्वयंपाकाचं एक सांगते. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. दीड हजाराचा हीटर चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की खटका पडतो. मी कुकर आणि पोळ्या गॅसवर आणि इंडक्शन फक्त दुपारी, हीटर बंद असताना, असं ठरवून घेतलं. संक्रांतीला तिळगूळ केला तोही गॅसवर, पाक नीट आला, आणि आमच्या ओळीतल्या चौदा गाड्यांमध्ये वाटला. कॅनडातल्या सस्काचवानहून आलेल्या शेजारणीला ‘गोड गोड बोला’ पाठ झालं होतं.

पैशांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा झाला तो केंद्र सरकारच्या सीनियर पासचा. बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना ८० डॉलरमध्ये तो आयुष्यभरासाठी मिळतो. ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मोफत आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात आम्ही मार्चमध्ये सहा रात्री अर्ध्या दरात राहिलो. तिथे विजेची जोडणी नाही, जनरेटरला वेळा ठरलेल्या, आणि रात्री आकाश असं की नवरा खुर्ची टाकून अकरापर्यंत बाहेर. टूसॉनजवळचं कॅटालिना स्टेट पार्क राज्य सरकारचं, तिथे हा पास चालत नाही. पण वीज-पाणी आहे आणि उद्यानात सुमारे पाच हजार सग्वारो निवडुंग. जागा वर्षभर आधी धरता येते, म्हणून थंडीतल्या तारखा लवकर जातात. मी रोज सकाळी रद्द झालेल्या जागा बघायचे. अकराव्या दिवशी सलग चार रात्री मिळाल्या.

फेब्रुवारी संपल्यावर आम्ही क्वार्ट्झसाइटला गेलो, आणि त्याच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. केंद्र सरकारच्या जमीन खात्याने, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, १९८३ मध्ये थंडीत येणाऱ्यांसाठी वाळवंटात काही मोठे पट्टे राखून ठेवले. त्यांना लाँग टर्म व्हिजिटर एरिया म्हणतात. आमच्या हंगामात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांचा परवाना १८० डॉलर होता आणि १४ दिवसांचा ४० डॉलर. एरवी या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं, पण बहुतेक ठिकाणी चौदा दिवस झाले की उठावं लागतं. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा पट्टा आहे. तिथे पिण्याचं पाणी, कचरा टाकायची सोय आणि डंप स्टेशन, म्हणजे गाडीतलं सांडपाणी सोडायची जागा, आहे. नंबर घातलेल्या जागा नाहीत, वीज नाही. जिथे आवडेल तिथे गाडी लावायची.

आम्ही चौदा दिवसांचा परवाना घेतला. पहिले दोन दिवस मला भीती वाटली. इतकी मोकळी जागा आणि कुंपण नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे मिनेसोटाचे आजोबा आमच्या छतावरचं सौर पॅनेल बघायला आले आणि त्यांनी ते दक्षिणेकडे कसं कलतं करायचं ते दाखवलं. त्यांच्याकडूनच कळलं की ओढ्याच्या कोरड्या पात्रात गाडी लावू नये. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं. यूमाजवळचा इम्पीरियल डॅमचा पट्टा वाऱ्याच्या दिवसांत बरा, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचा तो एकोणिसावा हिवाळा होता. कुठल्याच ॲपवर यातलं काही नव्हतं. त्या संध्याकाळी मला वाटलं, आमच्या आधी पुढे जाऊन बघून आलेलं माणूस शेवटी भेटलं.

गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिड आणि त्यावर धातूचा उंट आहे. अमेरिकी लष्कराने १८५० च्या दशकात वाळवंटात उंट वापरून पाहिले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. १९०२ मध्ये तो इथेच वारला. लांबच्या देशातून येऊन या वाळवंटात राहिलेल्या माणसासाठी मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले.

एक गोष्ट निघण्याआधीच बघायला हवी, ती औषधपाण्याची. आमच्याकडे मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, आणि त्यावर पूरक विमा आहे, त्यामुळे मेडिकेअर घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो. नवऱ्याचा रक्तदाब फेब्रुवारीत वाढला तेव्हा मेसाला लगेच दाखवता आलं. खाजगी कंपनीमार्फतची मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना असेल तर तिचं जाळं बहुतेक घराच्या भागापुरतं असतं, तातडीचं सोडून बाकीचं अडू शकतं. बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. पण पूरक विमा नंतर घ्यायला गेलं की बऱ्याच राज्यांत कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते, म्हणून घाईने काही सोडू नका.

पहिल्यांदा निघणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच आहे की जानेवारी-फेब्रुवारी फोन करून पक्के करा, आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे महिने मोकळे ठेवा. कुठल्याही नव्या जागी आधी आठवड्याचे पैसे भरा. आठवड्याचा दर चढा पडतो हे खरं आहे. आम्ही डिसेंबरच्या सोडून दिलेल्या तेरा दिवसांत त्याहून जास्त घालवले.

अपाची जंक्शनची जागा आम्ही निघण्याआधीच पुढच्या हिवाळ्यासाठी धरली, या वेळी डिसेंबरपासून. नंबर एकेचाळीस. दुपारचं ऊन दाराशी येतं, आणि सस्काचवानची मंडळी बेचाळीसमध्ये आहेत.